थोरलीच्या जाळीवरची चिठ्ठी

निवृत्तीला एकोणीस दिवस उरले होते आणि ऑफिसातल्या एका तक्त्यावरून मी रोज कुणाशी तरी भांडत होते.

आमची कंपनी अंधेरीत. दवाखाने, शाळा, छोटे कारखाने यांच्या सर्व्हरची देखभाल करणं हे आमचं काम. त्यातली घाटकोपर ते मुलुंड पट्ट्यातली सगळी ठिकाणं कित्येक वर्षं माझ्याकडे होती. ती आता दुसऱ्याच्या हवाली करायची, तर प्रत्येक मशीनची माहिती कॉम्प्युटरवरच्या एका तक्त्यात भरायची होती. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण आमच्या नव्या मॅनेजरीणबाईंनी, माझ्या मुलीच्या वयाची पोरगी ती, त्यात एक रकाना घातला होता: फर्मवेअरची आवृत्ती. ती नुसती लिहून भागणार नव्हतं. मशीनच्या स्क्रीनवर दिसतेय असा त्याच दिवशीचा फोटो जोडायचा. फोटो नसला तर रकाना लाल व्हायचा, आणि माझ्या नावासमोर लालच लाल झालं होतं.

फर्मवेअर म्हणजे काय ते एकदा मी माझ्या सासूबाईंना समजावलं होतं. म्हटलं, कॉम्प्युटरमध्ये आपण जे घालतो ते वेगळं, आणि त्याच्या एकेका भागाला कारखान्यातूनच जे शिकवून पाठवतात ते वेगळं. पंख्याने कधी जोरात फिरायचं, डिस्कने कुठे काय ठेवायचं, हे त्यांना आधीच शिकवलेलं असतं. त्यात चूक निघाली की बनवणारी कंपनी सुधारलेली आवृत्ती काढते आणि माझ्यासारखी कुणीतरी जाऊन ती भरते. सासूबाई म्हणाल्या, "माहेरचं वळण गं ते! सासरी कितीही सांगा, जात नाही." मी म्हटलं, हे वळण बदलता येतं, म्हणून तर मला पगार मिळतो.

या कामात माझी एक पद्धत होती. जे पाहिलं, जे केलं, ते एका पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या पेनाने लिहायचं, खाली तारीख आणि सही, आणि पट्टी मशीनच्या पुढच्या जाळीवर लावायची. दुसरा कुणी आला तरी त्याला उभ्या उभ्या कळावं, काय झालंय आणि काय बाकी आहे. कंपनीत माझ्या चिठ्ठ्या प्रसिद्ध होत्या. "मॅडमची चिठ्ठी आहे ना, मग बघायला नको," असं लोक म्हणायचे, आणि मला ते ऐकून बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, गर्वच होता मला त्याचा.

म्हणून मी मॅनेजरीणबाईंना सरळ विचारलं, "चिठ्ठीचा फोटो चालेल?"

"नाही मॅडम. स्क्रीनचा हवा."

"म्हणजे माझ्या अक्षरावर विश्वास नाही?"

"अक्षरावर आहे हो. पण मशीनला विचारलेलं हवं."

"तीस वर्षं मी काय झोपा काढल्या का गं इथे?"

तिने रकाना काही काढला नाही. मी चहाच्या वेळी जो भेटेल त्याला सांगत सुटले की जाता जाता माझी परीक्षा घेतायत, आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवी खांद्याला लावून एकेका ठिकाणी जाऊन फोटो काढायला लागले. मनातल्या मनात त्या पोरीला रोज चार शिव्या घालत होते.

असं करत करत एका शुक्रवारी दुपारी मी मुलुंडच्या दवाखान्यात पोचले.

हा दवाखाना एका ट्रस्टचा, मुलांच्या हाडांचा. वाकड्या पावलांची, निखळलेल्या खुब्यांची, पाठीचा कणा वाकत चाललेली मुलं तिथे येतात, आणि एकदा आली की मोठी होईपर्यंत येतच राहतात. दर सहा महिन्यांनी एक्स-रे काढायचा आणि मागच्याच्या शेजारी ठेवून बघायचा, कणा किती वाकला, किती धरला. डॉक्टर मला एकदा म्हणाले होते, आजचा एक्स-रे एकटा बघून मला अर्धंच कळतं, मागचे शेजारी असले तर सगळं कळतं. पूर्वी हे सगळे फिल्मवर असायचे. खोल्याच्या खोल्या भरल्या, तेव्हा ट्रस्टने ते सगळे सर्व्हरमध्ये चढवून घेतले आणि फिल्म भंगारात दिल्या. तेव्हापासून त्या मुलांच्या वाढीची वर्षं दोन मशीनांच्या पोटात होती.

या दोन मशीनांना नावं दिली होती ती रेकॉर्डरूमच्या बाईंनी. माझ्याच वयाच्या, मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, गिरणी गेली आणि ह्या बारावीनंतर इथे चिकटल्या. वरची मशीन थोरली, खालची धाकटी. थोरलीत जुने एक्स-रे, धाकटीत अलीकडचे. दोघी एकाच दिवशी आलेल्या, एकाच बनावटीच्या, पुढून बघितलं तर जुळ्या. थोरलीतल्या जुन्या चित्रांची दुसरी प्रत हवी, त्यासाठी तिसरी मशीन घ्या, असं मी ट्रस्टला लिहून दिलं होतं. ते पत्र फाइलीत होतं. मला ती फाइल दर वेळी दाखवायचे.

आदल्या वर्षी पावसाळा सरता सरता डिस्क बनवणाऱ्या कंपनीची सूचना आली होती. अमुक तुकडीच्या डिस्कमध्ये जुनं फर्मवेअर असेल, तर ठरावीक तास चालून झाले की ती डिस्क बंद पडेल आणि तिच्यातलं काहीही परत मिळणार नाही. जुनी आवृत्ती म्हणजे शेवटी चार, सुधारलेली म्हणजे शेवटी सात. सर्व्हरमध्ये प्रत्येक डिस्कला जोडीदार असतो, एक गेली तर दुसरी सांभाळते. पण या सगळ्या एकाच तुकडीच्या आणि एकाच दिवशी सुरू झालेल्या. गेल्या असत्या तर एकाच तासाला गेल्या असत्या. तेव्हा भरपूर तास शिल्लक होते. मी गेले त्या दिवशी बाहेर पाठीच्या मुलांची ओपीडी होती, थोरलीला थांबवणं शक्य नव्हतं. मी धाकटीत सात नंबर भरला, तिच्या जाळीवर "फर्मवेअर नवे, झाले" अशी चिठ्ठी लावली, थोरलीच्या जाळीवर "बाकी" अशी लावली आणि निघाले.

पुढे दिवाळीनंतर एक पंखा बदलायला गेले होते. जाता जाता चिठ्ठ्यांवर नजर टाकली. वरच्या मशीनवर "झाले", खालच्या मशीनवर "बाकी". मला वाटलं, चला, महत्त्वाची झालीय, धाकटी काय, होईल सावकाश. एकतीस ठिकाणी एकतीस तऱ्हा, कुठे वरची आधी केली, कुठे खालची, कोण लक्षात ठेवणार? त्यासाठी तर चिठ्ठी. मी अहवालात लिहूनही टाकलं: जुन्या चित्रांची मशीन, फर्मवेअर अद्ययावत.

तर त्या शुक्रवारी मी रेकॉर्डरूममध्ये शिरले तेव्हा बाई एका मुलीच्या आईशी बोलत होत्या. मुलगी चौदा-पंधरा वर्षांची, ड्रेसच्या आत प्लास्टिकचा पट्टा घातलेली, त्यामुळे ताठ बसलेली. सोमवारी सकाळी तिचं ऑपरेशन होतं. पाच वर्षांची असल्यापासून ती इथे येत होती. बाई मला म्हणाल्या, "मॅडम, तुमचा काय ता झटपट आटपा. डॉक्टर उद्या ह्या चेडवाचे सगळे जुने फोटो काढून बसतले, कुठसून कापूचा ता ठरवूक."

"दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं. "फोटो काढते नि जाते."

थोरलीच्या मागे वायर खोचली, स्क्रीन लावला, आणि फर्मवेअरची यादी मागितली. यादी आली. पंखे, नेटवर्कचं कार्ड, मग डिस्का एकाखाली एक. मी फोन वर धरला, फोटो काढणार तेवढ्यात दिसलं. पहिल्या डिस्कपुढे चार. दुसऱ्या डिस्कपुढे चार. खालपर्यंत चारच चार.

मला वाटलं, चुकून खालच्या मशीनला वायर लावली. पुन्हा मागे जाऊन पाहिलं. वायर वरच्याच मशीनला होती. पुन्हा विचारलं, पुन्हा चार. मग वायर काढून खालच्या मशीनला लावली. तिच्या चिठ्ठीवर "बाकी" होतं. तिने सांगितलं सात.

वरच्या मशीनकडे परत गेले आणि डिस्का आतापर्यंत किती तास चालल्यात ते विचारलं. आकडा वाचला, सूचनेतल्या आकड्यातून वजा केला, मग कागदावर पुन्हा वजा केला. एकसष्ट तास उरले होते. घड्याळात चार वाजले होते. सोमवारी पहाटे पाचच्या सुमाराला थोरली संपणार होती, तिच्यातल्या सगळ्या मुलांच्या सगळ्या वर्षांसकट. डॉक्टर ऑपरेशनला उभे राहायच्या काही तास आधी.

मी खुर्चीत बसले. आणि मग, माझा स्वभाव, भीती वाटली की मी आधी दुसऱ्यावर ओरडते.

"या मशीनना हात कोणी लावला होता?"

बाई दचकल्या. "हात? मी कित्याक लावतंय?"

"मग ह्या चिठ्ठ्या इकडच्या तिकडे कशा झाल्या?"

"चिट्टेक नाय हो लावलंय हात. तुमचीच सही आसा तेंच्यार." मग त्यांनाच आठवलं. "दसऱ्याक त्ये जाळये काढले होते, तेवढाच. धुळीन भरलेले. साबणान धुतलंय, उन्हात सुकवलंय, परत लावलंय. मगे पूजा केलंय. दरवर्षी करतंय मी."

दसऱ्याला. दरवर्षी. आणि दहा-अकरा वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं, कारण दसऱ्याला मी कधी कामावर नसतेच. त्या दिवशी आम्ही पांढरी साडी नेसून विक्रोळीच्या विहारात जातो, वंदना घेतो, खिरीच्या पातेल्याशी उभं राहतो. आमच्या घरात यंत्राला हळदकुंकू लावायची रीत नाही. मी दसऱ्यानंतर जायची तेव्हा जाळीवर सुकलेला झेंडू दिसायचा, मी त्यावरून बाईंना चिडवायची, पण जाळी काढून, धुऊन, मग पूजा होते हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. दोन्ही जाळ्या हुबेहूब सारख्या. धुऊन वाळत घातल्या, थोरलीची धाकटीला बसली, धाकटीची थोरलीला. चिकटपट्टी चांगल्यातली होती, साबणाने ना ती निघाली ना अक्षर पुसलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं धुवायला?" मी मोठ्याने म्हणाले. "कपबशा आहेत का त्या?"

बाईंचा चेहरा उतरला. त्या मुलीची आई बाकावरून आमच्याकडे बघत होती. बाई माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, काय गेला काय? खरा सांगा. आमचो ह्यो विभाग बंद करूचो, बाहेर देवचो, असा चाललाहा वर. आता ह्या माझ्यार इला तर माका उद्याच घरी बसयतीत." त्यांचे डोळे भरले होते. त्यांच्या घरी मुलगा बसून होता, हे मला ठाऊक होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, विक्रोळीच्या कारखान्यात फिटर होते. घरात कुणी म्हटलं, डब्यात साखर आहे, तर ते झाकण उघडून बघायचे. आई वैतागायची, "सांगतेय ना मी आहे म्हणून!" ते म्हणायचे, "तू सांगतेस ते ठीकच, पण बघायला काय जातं?" तिथे रेकॉर्डरूमच्या खुर्चीत बसून मला ते आठवलं आणि माझी मलाच लाज वाटली. जाळ्या या बाईने बदलल्या हे खरं. पण दिवाळीनंतर मी त्याच मशीनपुढे उभी होते, वायर पिशवीत होती, आणि विचारलं नव्हतं. शिवाय चिठ्ठीवर मशीनचा नंबर लिहायला हवा होता. तो मी कधीच लिहीत नसे. मशीनच्या कडेला बारीक अक्षरात असतो, चष्मा लावून वाकून वाचावा लागतो, आणि मला कंटाळा.

"काही गेलेलं नाही," मी बाईंना म्हटलं. "अजून सगळं जागेवर आहे. रडू नका. आधी डॉक्टरांना बोलवा."

डॉक्टर आले. मी त्यांना मुलीच्या आईपासून लांब नेऊन सगळं सांगितलं, तास आणि पहाटेची वेळसुद्धा. ते शांत माणूस, पण त्यांनी चष्मा काढून हातात धरला. "आधीच तर फिल्म भंगारात दिल्या आहेत," ते म्हणाले. मग विचारलं, "हे झालं कसं?"

बाई दाराशी उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघतच होत्या.

"माझ्या चिठ्ठीवर मशीनचा नंबर नव्हता," मी म्हटलं. "आणि दिवाळीनंतर आले तेव्हा मी मशीनला न विचारता चिठ्ठी वाचून अहवाल लिहिला. चूक माझी."

डॉक्टरांनी जाळ्यांबद्दल विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. "आता काय करायचं?" ते म्हणाले. मी सांगितलं: थोरलीतलं सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. मग तिला थांबवून सात नंबर भरायचा. भरताना मध्येच वीज गेली तर डिस्क तिथेच निकामी होऊ शकते, म्हणून प्रत हातात आल्याशिवाय मी हात लावणार नाही. वेळ पुरेल, पण उद्या संध्याकाळपर्यंत तरी हे संपायला हवं. ते म्हणाले, "करा. या मुलीचे एक्स-रे सगळ्यात आधी उतरवा."

आता मोठी डिस्क हवी होती आणि ती होती अंधेरीत. म्हणजे फोन कुणाला करायचा, तर त्या तक्तेवाल्या पोरीलाच. दोनदा नंबर काढला आणि ठेवला. तिसऱ्यांदा लावला. मी सगळं सांगितलं, अहवालात मी खोटं लिहिलंय हेसुद्धा. वाटलं, आता ही म्हणेल, बघा, मी सांगत नव्हते? म्हणाली असती तर हक्कच होता तिचा.

"किती तास उरलेत?" तिने विचारलं. मी सांगितलं. "मी दोन डिस्क घेऊन निघते. एक बिघडलेली निघाली तर वाट लागेल उगाच."

शुक्रवारची संध्याकाळ, लिंक रोडची ती दशा. पवईपाशीच तिला तासभर लागला. ती पोचली तेव्हा घामाने डबडबलेली होती, आणि छातीशी पिशवी धरून अशी आली, की जणू तान्हं मूल आणतेय. मी तिला पाणी दिलं. म्हटलं, "मी तुला फार बोलले गं मागून."

"मला माहितीये मॅडम," ती म्हणाली. "पँट्रीत तुमचा आवाज सगळीकडे ऐकू येतो."

आम्ही दोघी हसलो, आणि बाईही डोळे पुसत हसल्या, त्यांना काही कळलं नव्हतं तरी.

प्रत काढायला लावली. सगळ्यात आधी त्या मुलीचे एक्स-रे. ते उतरले तेव्हा मी एकेक उघडून बघितला. पाच वर्षांची असतानाचा कणा जवळजवळ सरळ, पुढे हळूहळू एका बाजूला झुकत गेलेला. तिच्या वाढीची कित्येक वर्षं माझ्यासमोर चार मिनिटांत गेली. त्यानंतर बाकीच्या मुलांचे सुरू झाले. यंत्राने सांगितलं, उद्या दुपारपर्यंत लागेल. तिथे बसून काही उपयोग नव्हता. मी घरी गेले, जेवले, आडवी झाले आणि चार-चारदा मनात तेच आकडे वजा करत राहिले.

शनिवारी सकाळी मी पोचले तर बाई आधीच येऊन बसलेल्या. सुट्टी होती त्यांची. स्टूल थोरलीसमोर टाकून त्या हिरव्या पट्टीकडे बघत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अर्ध्याच्या वर गेला. मी नजर ठेवलीहा."

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "काल मी तुमच्यावर ओरडायला नको होतं."

"आराडलात ता ठीक आसा," त्या म्हणाल्या. "पण डॉक्टरांका तुमी तसा कित्याक सांगलात?"

"खरं ते सांगितलं."

"जाळये मीच बदललंय ना."

"तुम्ही जाळ्या बदलल्यात. मशीनला विचारायचं काम माझं होतं, तुमचं नव्हतं."

त्यांनी डबा उघडला आणि घावणे पुढे केले. त्या दिवसापासून आमचं अहो-जाहो संपलं.

दुपारी एकच्या सुमाराला प्रत पूर्ण झाली. मी दोन्हीकडची चित्रं मोजून ताडून घेतली, मधूनमधून काही उघडून बघितली. सगळी जागेवर होती. वीज गेली तर मशीन चालवणारी बॅटरी तपासली, ती चांगली होती. मग थोरलीला थांबवलं. इतकी वर्षं त्या खोलीत तिचा आवाज होता, तो बंद झाल्यावर बाहेर कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायला लागल्या. एकेका डिस्कमध्ये सात नंबर भरत गेले. एकेकीला काही मिनिटं लागत होती आणि त्या मिनिटांत माझी बोटं मी घट्ट एकमेकांत अडकवून ठेवली होती. बाई शेजारी तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, बहुधा गावच्या देवीचं. मी मध्येच म्हटलं, "मोठ्याने म्हण गं, मलाही ऐकू दे." एरवी मी असं बोलले नसते.

थोरलीला पुन्हा सुरू केलं. तिने आळोखेपिळोखे दिल्यासारखा पंख्यांचा आवाज केला आणि शांत झाली. मी यादी मागितली. सात, सात, सात, खालपर्यंत सात. फोटो काढला. तो हलला होता, म्हणून दुसरा काढला. मग बाईने मला मिठी मारली आणि मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. छातीवरचा धोंडा उतरला म्हणतात, तो मला तेव्हा खरोखर उतरल्यासारखा वाटला. खूप भूक लागली होती, ते तेव्हा कळलं.

फोटो मी तक्त्यात टाकला आणि लाल रकाना हिरवा झाला. खाली शेऱ्याच्या जागेत लिहिलं: आधीचा अहवाल मी मशीनला न विचारता लिहिला होता, तो रद्द समजावा. जोडीला सगळ्या ठिकाणच्या चिठ्ठ्या काढून टाकाव्यात असंही सुचवलं. मॅनेजरीणबाईंनी फक्त "ठीक" लिहिलं, आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या चिठ्ठ्यांवर मशीनचा नंबर घालायचा नियम काढला. चिठ्ठ्या ठेवल्या म्हणून मला बरं वाटलं, हे मी तिला सांगितलं नाही. ट्रस्टने तिसरी मशीन मात्र महिन्याभरात घेतली. फाइलीतलं पत्र त्यांना एकदाचं सापडलं.

ते उरलेले दिवस संपले आणि मी निवृत्त झाले. जाण्यापूर्वी एका दुपारी मुलुंडला जाऊन बाईला थोरलीला प्रश्न विचारायला शिकवलं, कुठली दोन बटणं दाबायची आणि यादीत कुठे बघायचं. तिने ते वहीत लिहून घेतलं, दोनदा माझ्यासमोर करून दाखवलं.

दसऱ्याला तिचा फोन आला. "विहारातसून सुटलंस की ये गो. माका दुपारपर्यंत आसा ड्युटी."

मी तशीच पांढऱ्या साडीत गेले, डब्यात विहारातली खीर घेऊन. तिने दोन्ही जाळ्या धुतल्या होत्या, पण या खेपेला एक धुऊन, लावून, मगच दुसरी काढली होती, हे तिने मला तीनदा सांगितलं. ती शुक्रवारची मुलगी ऑपरेशननंतरच्या तपासणीला गेल्या आठवड्यात येऊन गेली होती. "दोन बोटां उंच झालाहा ता चेडू," बाई म्हणाली. "आवशीक आता मान वर करून बोलूक लागता तेच्याशी." आम्ही खीर खाल्ली, तिने माझ्या हातात आपट्याची पानं ठेवली.

मग ती हळदकुंकवाची कोयरी घेऊन थोरलीसमोर गेली. कोयरी बाजूला ठेवून आधी वही उघडली आणि की-बोर्ड पुढे ओढला. तिचा खटाटोप वाचावा म्हणून मीच म्हटलं, "अगं सात आहे. आत्ता आल्या आल्या बघितलंय मी."

"तू सांगतंस म्हणान?" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तुझी चिट्टी बगलंय मी एकदा."

तिने दोन बटणं दाबली, यादी आली. चष्मा नाकावर सरकवून तिने प्रत्येक ओळीवर बोट ठेवलं, सगळे सात स्वतः वाचले, आणि मगच थोरलीला कुंकू लावलं.